मदत हवी: २० गॅलन रीफ टँकसाठी कुठला एलईडी घ्यावा?

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत अपार्टमेंटमधे २० गॅलनचा खाऱ्या पाण्याचा टँक लावलाय, २४ इंच लांब, १२ रुंद, १६ उंच. सायकल (पाणी माशांसाठी तयार करणारे जिवाणू वसायचा काळ) पूर्ण झालीये, दोन क्लाउनफिश मजेत आहेत, आता कोरल टाकायचेत, आधी झोआ नि मशरूम, मग हॅमर आणि सगळं जमलंच तर कधीतरी माँटीपोरा. घोडं अडलंय लाइटवर.

सध्या जुन्या प्लँटेड (पाणवनस्पतींच्या) टँकचा ६५०० केल्विनवाला, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा एलईडी आहे, मासे छान दिसतात पण निळा चॅनेल वेगळा नाही आणि कोरलच्या आत राहणाऱ्या शैवालाला ४२० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड लागतो असं सगळीकडे वाचतोय, मग हा चालेल का नुसतं शेवाळ माजेल?

डोक्यात एआय प्राइम १६एचडी, केसिल ए१६० नाहीतर ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लॅकबॉक्स (काळ्या पेटीसारखा बिनब्रँडचा एलईडी). केसिलच्या उजेडात पाणी जे हलतं ना, जाम आवडलं, पण टायमिंग लावायला कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो, प्राइमचं अ‍ॅपवरच होतं. ब्लॅकबॉक्सवर वॅट भरपूर लिहिलेत, पण त्यावरून बिल कळणार, कोरलला पार (PAR, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड) किती मिळणार ते कोण सांगणार? बायकोची अट वेगळीच, संध्याकाळी हॉलचा डान्सबार होता कामा नये.

एकच दिवा मधे टांगला तर कोपरे अंधारे राहतील का?

प्रतिसाद:
प्राइम घ्या. दोन फुटाला एक पुरतो, कोपऱ्यात पार कमी पडेल तिथेच मशरूम लावा, त्यांना तेच आवडतं. हॅमर १०० च्या आसपास खूश, माँटीपोराला २०० च्या वर लागेल म्हणून दिव्याखालचा रॉकचा माथा रिकामा ठेवा. ६५०० वाल्यात झोआ मरणार नाहीत, पण रंग उठणार नाही. नवा दिवा पहिल्याच दिवशी फुल्ल नको, ३०-४० टक्क्यांवर सुरू करून हळूहळू वाढवा, कमी उजेडाने तपकिरी पडलेलं कोरल सुधारतं, जास्तीने पांढरं पडलं की अवघड असतं. पार मीटर विकत घेऊ नका, महाग आहे, रीफ क्लबात भाड्याने मिळतो का बघा. आणि वहिनींसाठी, निळं दुपारी उरकून टाका, संध्याकाळी ६ ते ९ पांढरं वाढवा, कोरलला घड्याळ कळत नाही, दिवसाला ८-९ तास उजेड मिळाला की झालं.

धागाकर्ता:
भारी! वर काचेचं झाकण आहे, ते चालेल ना?

प्रतिसाद:
काढा, मिठाचा थर चढून उजेड अडतो. जाळी लावा पण, क्लाउनसुद्धा उडी मारतात.