हेंड्रिक्सला विष्णूभक्त करणं थांबवा आता

सोलापुरी_बेस: सकाळपासून एकच पोस्ट फिरतेय, "जिमी हेंड्रिक्स विष्णूभक्त होता, १९६७ च्या 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह' या अल्बमचं कव्हर बघा, अभिमान वाटतो". कसला अभिमान? हेंड्रिक्स अमेरिकन रॉक गिटारवाला, कव्हर लेबलकडून म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून आलं. डेव्हिड किंग आणि रॉजर लॉ यांनी विराटरूपाचं बाजारात मिळणारं पोस्टर घेतलं, कार्ल फेरिसच्या फोटोवरून बँडमधल्या तिघांचे चेहरे रंगवून मधे बसवले, झालं. हेंड्रिक्सला ते आवडलंही नव्हतं, त्याला स्वतःच्या चेरोकी मुळांचं काहीतरी हवं होतं. आणि तो पठ्ठ्या तेव्हा रेकॉर्डच्या पहिल्या बाजूची मास्टर टेप (मूळ टेप) टॅक्सीत विसरून आलेला, एका रात्रीत सगळं परत मिक्स करावं लागलं. कसली भक्ती!

नाना_व्हायनल: पोस्ट माझीच. होस्टेलच्या भिंतीवर हे कव्हर लावलेलं, आई आली तर तिनं आधी हात जोडले, मग विचारलं मधला झिपऱ्या कोण. मला तेवढं पुरे.

तिखट_मीठ: म्हणजे देवाच्या जागी गिटारवाले बसवले ते चालतं? १९९७ ला एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडनं अल्बमच्या कव्हरवर कृष्णाला मांजराचं डोकं लावलं तेव्हा बोंब झाली, सोनीनं माफी मागून कव्हर बदललं. मग यालाच सूट का?

रेघोट्या: भावना राहू द्या बाजूला, पोस्टर मुळात काढलं त्या चित्रकाराचं काय? त्याचं नाव इथे एकानं तरी घेतलं? मी काढलेला गणपती एका मंडळानं न विचारता फ्लेक्सवर छापला, खाली नगरसेवकाचा फोटो. विचारायला गेलो तर म्हणे देवाचं चित्र सगळ्यांचं असतं.

सोलापुरी_बेस: कॅलेंडरवाले काय कमी उचलतात? रविवर्म्याचा छापखाना मळवलीला होता, तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या नकला अजून किराणा दुकानांत टांगलेल्या आहेत. त्याला कोण पैसे देतं?

रेघोट्या: रविवर्म्याचं नाव तरी लोकांना माहितीये! उगाच तुलना करू नका. फुकट "जरा एक लोगो करून दे" म्हणणारे तुम्हीच.

सोलापुरी_बेस: मी कधी मागितला लोगो??

तिखट_मीठ: माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

नाना_व्हायनल: बरं बाबा, भक्त नव्हता, लेबलनं केलं, तुम्ही फार हुशार. पोस्ट काढणार नाही, मावशीनं शेअर केलीये.