कागद नको म्हणता, पण पोराची पाठ?

"लेव्हल वनचा कागद भिंतीला बरा, बॉलिंग शिकवायला घाम गाळलेला माणूस लागतो," असं क्रिकेट कोचला लेव्हल वन, म्हणजे कोचिंगच्या पहिल्या कोर्सचं सर्टिफिकेट, हवंच का या चर्चेत एकांनी लिहिलंय. निम्मं पटलं की हो. बेळगावच्या टिळकवाडीत मीही टेनिस बॉलवरच वाढलो, माझे उस्ताद कुठल्या परीक्षेला बसले नव्हते.

पण आमच्या नेटमधलं 14 वर्षांचं एक पोर रोज तासभर न थांबता टाकायचं. मागचा पाय सरळ बॅट्समनकडे, कंबरही त्याच्याकडेच, खांदे मात्र बाजूला वळलेले. म्हणजे प्रत्येक बॉलला मणक्याला पीळ. आम्ही "काय पेस आहे!" म्हणून टाळ्या वाजवल्या. पुढं मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेली चीर, निघालं. अशा बॉल टाकण्याला मिक्स्ड ॲक्शन म्हणतात, हे मला डॉक्टरकडं कळलं. इंग्लंडच्या बोर्डानं या वयाच्या फास्ट बॉलरला एका सलग स्पेलमध्ये 6 आणि दिवसात 12 ओव्हरची मर्यादा घातली होती, तेही नंतरच वाचलं. कोर्स केलेल्या माणसाला निदान मोजायची सवय असते.

खानापूर-निपाणीकडच्या कोचला कोर्सची फी आणि त्यासाठी रजा परवडत नाही, ही तक्रार खरीच. मी सध्या वहीत बॉल मोजतो. पोरं मला कंडक्टर म्हणतात.