वेपने खर्रा सुटला, पण हिरड्यांचं काय?

वर एका भाऊंनी लिहिलंय, पुतण्याने पुण्याहून वेप (ई-सिगारेट) आणलं, त्याचा खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सुटला, हिरड्यांतून रक्त येणंही थांबलं, म्हणजे तोंड सुधारलं. रक्त थांबलं म्हणून एवढे खूश होऊ नका. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आजार असला तरी रक्त दिसत नाही, अन् आत हाड झिजत राहतं. त्या वाफेने तोंडही कोरडं पडतं. लाळ कमी झाली की कीड आलीच. (आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.)

खर्रा सुटला हे मात्र बेस झालं. आमच्या यवतमाळकडे पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून देतात. पोरं तो गालात धरूनच कापूस वेचतात. सुपारीने गाल आतून पांढरा, ताठ होतो. आधी तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होतं. तीन बोटं उभी आत जात नसतील तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. हा ताठरपणा खर्रा सोडल्यावरही सहसा जात नाही, म्हणून पुतण्याला एकदा न्याच.

आणि वेपच्या विक्रीवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. चोरून विकणारा त्यात काय भरलंय ते थोडीच सांगणार?