डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) बंद पडल्यावर अक्कलकोटहून सोलापूरला केवळ बॅटरीवर यावे का?

जुनी_फियाट
आमच्या फियाट ११०० चा चार्जिंगचा लाल दिवा अक्कलकोटला पोहोचताना पेटला आणि इंजिनाची गती वाढवूनही विझला नाही. सोलापूर सुमारे ४० किलोमीटर आहे. ४० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर एवढे अंतर सुरक्षितपणे कापता येईल का?

होटगी_रोड
सर्वप्रथम बॉनेट उघडून फॅन बेल्ट पाहावा. याच बेल्टवर डायनॅमोबरोबर पाण्याचा पंप आणि पंखाही फिरतो. त्यामुळे बेल्ट तुटला असेल, तर बॅटरी कितीही भरलेली असली तरी गाडी हलवू नये. सोलापूरच्या उन्हात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील) जाण्यास फार वेळ लागत नाही.

बेल्ट शाबूत असेल, तर दिवसा येण्यास हरकत नाही. पेट्रोलचा पंप यांत्रिक असल्याने चालत्या गाडीची मुख्य गरज ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलची, म्हणजे साधारण ३ ते ४ अँपिअरची असते. बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची ठरवली, तरी हिशेबाने पाच तास मिळतात. बॅटरी जुनी असल्यास यातही बरीच घट धरावी. हेडलाइट लावले, की आणखी ८ ते ९ अँपिअर जातात आणि हाच अवधी दोन तासांच्याही आत येतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी घर गाठता येत नसेल, तर मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वाटेत इंजिन बंद करू नये, कारण सेल्फ एका वेळी शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. वीज वाचवण्यासाठी ब्रेकचे दिवे मात्र कधीही काढू नयेत.

कटआउट
वरील सल्ल्यात एक भर घालतो. कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटले असतील, तर बॅटरीतील वीज उलट डायनॅमोकडे वाहते आणि वरचा सारा हिशेब कोसळतो. निघण्यापूर्वी डायनॅमोवरील तारा सोडवून त्यांच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळावी. इंजिन मिसफायर करू लागले, तर गाडी लगेच रस्त्याच्या कडेला घ्यावी. घरी पोहोचताच बॅटरी ४ अँपिअरच्या आसपास संथपणे चार्ज करावी. रिकामी ठेवल्यास तिच्या प्लेटांवर सल्फेट बसते.

जुनी_फियाट
दोघांचेही मनापासून आभार. बेल्ट शाबूत आणि ताणलेला आहे. येथील मिस्त्रींनी डायनॅमो उघडून पाहिला असता कार्बन (आतील वीज बाहेर आणणारे ब्रश) पार झिजलेले निघाले. त्या मापाचे कार्बन येथे मिळाले नाहीत. तारा सोडवून टेप लावली आहे आणि उद्या सकाळी उजाडल्यावरच निघणार आहे.