मदत हवी आहे : जस्तलेपित पुलाच्या बोल्ट-जोडांतील घर्षण

नमस्कार. कोकणातील खाडीवरच्या एका पोलादी पुलाच्या सर्व भागांना हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला लेप) सुचवले आहे. मात्र आयएस ८०० : २००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार अशा पृष्ठभागांचा घर्षणांक केवळ ०.१० धरावा लागतो, तर ब्लास्टिंगनंतर (कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ व खरखरीत केल्यावर) ३० ते ६० मायक्रॉन जाडीचा एथिल झिंक सिलिकेट हा जस्तयुक्त रंग दिल्यास तो ०.३० मिळतो, म्हणजे गॅल्व्हनायझिंग केल्यास घर्षण-जोडात (आवळलेल्या प्लेटांमधील घर्षणाने भार पेलणाऱ्या जोडात) तेवढ्याच भारासाठी तिप्पट बोल्ट लागतात आणि गसेट प्लेटवर (भाग एकमेकांना जोडणाऱ्या पट्टीवर) तितकी जागाच नाही. गॅल्व्हनायझिंगनंतर केवळ स्पर्शपृष्ठे हलकी ब्लास्ट करून त्यांवर सिलिकेट देण्याचा, तसेच घसरण-चाचणी करून घेण्याचा अनुभव कोणास असल्यास कृपया सविस्तर कळवावे. शिवाय, नट आवळताना वॉशरच्या कडेचा रंग तडकतो आणि खाऱ्या हवेत गंज तिथूनच धरतो. त्यामुळे रंगाचा शेवटचा थर आवळणीनंतरच द्यावा, असे माझे ठाम मत आहे. आपण कोणता क्रम पाळता?