बेसिकचा 'खरा' रंग म्हणे हिरवा!

उद्यमनगरकर: काल एका भावानं इथं आपला बेसिक कन्सोल टाकला, म्हणजे बेसिक ही जुनी प्रोग्रामिंग भाषा टाइप करून चालवायचा स्क्रीन. पोरांसाठी फुकट, बेस्टच. पण उघडलं की काळ्यावर पोपटी अक्षरं, आणि खाली ठसक्यात लिहिलंय, "खऱ्या बेसिकचा रंग हाच." लई डोक्यात गेलं.

हिरवा रंग बेसिकचा न्हवं, मॉनिटरचा. आयबीएम ५१५१ ह्या जुन्या पीसी मॉनिटरच्या काचेला आतून हिरवा फॉस्फर, म्हणजे चमकणारा लेप, होता. त्यावर वर्डस्टार लावा, लोटस लावा, हिरवंच दिसणार. शेजारी अंबर मॉनिटर असला की तोच प्रोग्राम नारिंगी. पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकचा डिफॉल्ट कलर ७,० (आधी अक्षराचा नंबर, मग पाठीमागचा) म्हणजे काळ्यावर मळकट पांढरा. अक्षराच्या ७ मध्ये ८ मिळवले की १५, ठळक पांढरा. तुमचं सगळंच भडक, मग ठळक काय करणार?

सातवी गल्ली, राजारामपुरी: म्हणजे कमोडोर ६४ वरचं बेसिक, बेसिक न्हवतं? १९८२ चं मशीन, निळ्यावर फिकट निळं. त्याच सालच्या स्पेक्ट्रमवर पांढऱ्यावर काळं. ७,० हा नुसता पीसीवाल्यांचा हट्ट आहे.

उद्यमनगरकर: ती टीव्हीला जोडायची यंत्रं. टीव्हीवर रंग पसरतो, उजेडातला फरक तेवढा नीट दिसतो. एकाच निळ्याच्या दोन छटा तिथं चालून जातात. पण ह्यांचा कन्सोल पीसीच्या बेसिकचा आहे ना?

माहेर_गंगावेश: आमच्या क्यूबेसिकला तर निळा पडदा होता.

उद्यमनगरकर: ताई, तो प्रोग्राम लिहायचा एडिटर. एफ५ दाबून चालवला की काळाच.

शाहूपुरीतला: रंग राहू दे राव. आमच्या क्लासात लॅबबाहेर चपला काढायला लावायचे. धूळ जाते म्हणे! बाहेर आलो तर नवी कापशी चप्पल गायब. सर म्हणाले, "जबाबदारी आमची नाही."

माहेर_गंगावेश: अगदी! एसी कॉम्प्युटरला, घाम आम्हाला. एका मशीनवर तिघी, आणि फी मात्र प्रत्येकीची पूर्ण.

निवृत्त_सर: थट्टा सोपी आहे. मी क्लास चालवलाय. फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवर धूळ बसली की पोरांचं महिन्याचं काम जायचं. मशीन कर्ज काढून घेतलं होतं. तुमच्या चपला राखायला माणूस कुठून आणू?

शाहूपुरीतला: फीमधून आणायचा, सर! माझ्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी मला स्लीपरवर पाठवलं.

निवृत्त_सर: मग स्लीपर घालूनच यायचं होतं पहिल्या दिवशी. कुणी अडवलं होतं?

कन्सोलवाला: झाली का चप्पल सापडून? मी दोन महिने रात्री जागून हे केलं आणि तुम्ही रंगावर अडलाय. पोरांना हिरवं आवडतं. माझी पुतणी ७,० बघून म्हणाली, "काका, हे बंद पडलंय का?"

उद्यमनगरकर: पुतणीला कलर १० टाइप करायला सांगा. तो पोपटीच. तुमच्या स्क्रीनवर काहीच बदलणार नाही, आणि मग ती खरंच म्हणेल की बंद पडलंय.

कन्सोलवाला: …बरं. धन्य आहात, मालक. डिफॉल्ट ७,० करतो. हिरवा 'मॉनिटर' म्हणून मेनूत टाकतो. आता तरी झोपा.

उद्यमनगरकर: मेनूत टाका, पण नुसता रंग फासू नका. त्या एकरंगी, मोनोक्रोम मॉनिटरवर कलर १ दिला की निळं यायचं नाही, अक्षराखाली रेघ यायची. ते जमवलंत तर मानलं.

कन्सोलवाला: रेघ बी देतो. रविवारी बघा, आणि त्या दोघांना तेवढं आवरा.