भंडारदऱ्याला मैत्रिणींचा आठवडा: पाणी, ऊन आणि गुडघे (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार.

शेंडीजवळच्या एका वाडीत आमचं छोटं घर आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवरा पुणं सोडून इथे राहायला आलो. २५ ते ३१ मे या आठवड्यात होस्टेलमधल्या माझ्या पाच मैत्रिणी येणार आहेत. १९९१ साली आम्ही सहा जणींनी मिळून कळसूबाई केलं होतं. त्यानंतर लग्नं, नोकऱ्या, आजारपणं... सहाही जणी एका घरात कधीच मुक्कामाला जमलो नाही. त्यामुळे हा आठवडा मला मनापासून चांगला करायचा आहे.

सगळ्यात मोठी काळजी पाण्याची. वाडीची विहीर मे महिन्यात तळाला जाते. समोर धरण दिसतं, पण ते पाणी प्रवरेतून खाली जातं. वाडीतल्या बायका मात्र पहाटे चारला हंडे घेऊन विहिरीवर रांगेत असतात. आम्ही दोघं तर चार बादल्यांत दिवस काढतो. सात माणसं आठवडाभर राहिली, तर आमच्या मौजेसाठी शेजारणीचा हंडा रिकामा राहायला नको. टँकर मागवला तर साठवायला हजार लिटरची एकच टाकी आहे. कुणी असा पाहुणचार निभावला असेल, तर नेमकं काय केलंत ते सांगा.

दुसरं कळसूबाईचं. १६४६ मीटर ही उंची तेव्हा नुसती पाठ होती, आता ती गुडघ्यांना कळेल. एकीचे दोन्ही गुडघे दुखतात, एकीला रक्तदाबाची गोळी चालू आहे. पायथ्याच्या बारी गावातून पहाटे साडेतीनला निघून नऊच्या आत खाली यायचं, असं मनात आहे. वर सावली अजिबात नाही. शिड्या उतरताना गुडघेवालीला जमेल का? ती म्हणते, "मी पहिल्या देवळापाशी बसून राहीन, पण येणारच." तिला तसं बसवून ठेवणं मला पटत नाही.

तिसरं, सांधण आणि काजवे यांचा मेळ. काजवे वळवाचा एखादा पाऊस पडून गेला की खरे बहरतात, आणि तोच पाऊस सांधण दरीत अंगावर येऊ शकतो. एका आठवड्यात दोन्ही बसवायचं कसं?

बाकी रतनवाडीचं अमृतेश्वर, करवंदं आणि जांभळं, अंगणात झोपणं एवढं नक्की आहे. धरणात पोहायचा एकीचा हट्ट आहे. त्याला मी साफ नाही म्हटलंय, काठाला गाळ आहे आणि पुढे एकदम खोल होतं.

प्रतिसाद १

ताई, आमचं माहेर त्याच भागातलं, म्हणून लिहिते. टँकर त्या येण्याच्या आदल्या दिवशी मागवा, विहिरीला हात लावू नका. जेवायला पळसाच्या पत्रावळी घ्या, निम्मं पाणी भांड्यांतच जातं. आंघोळ माणशी एक बादली, तीही दगडावर बसून आंब्याच्या आळ्यात. टाकीला पातळीची खूण करून ठेवा, म्हणजे कुणाला टोकावं लागत नाही. मैत्रिणींना आधीच फोनवर सांगा. आल्यावर सांगितलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं.

प्रतिसाद २

सांधण पहिल्या दोन दिवसांत उरका, साम्रदमधला वाटाड्या घेऊन, सकाळीच. घाटमाथ्यावर ढग दिसले तर आत पाऊलही टाकू नका, वरचं सगळं पाणी त्या फटीत उतरतं. गुडघेवाल्या ताईंना त्या मोठमोठ्या धोंड्यांवर नेऊ नका. काजवे आठवड्याच्या शेवटाला ठेवा, पण शनिवार-रविवार टाळा, गाड्यांच्या दिव्यांत काहीच दिसत नाही. हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं बघून लांब उभं राहायचं, बॅटरी बंद. ते चमकणं म्हणजे नराचं मादीला बोलावणं. उजेड पडला की ते थांबतं. रक्तदाबवाल्या ताईंनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

मूळ लेखिका

दोघींचे मनापासून आभार. पत्रावळी आणि टाकीवरची खूण लगेच करते. सांधण २६ला, काजवे २९ किंवा ३०ला, जो वार आडवारी येईल तो.

कळसूबाईचं काल रात्री गुडघेवालीशी बोलले. तिला घाटघरच्या कोकणकड्यावर नेऊ म्हटलं, गाडी जवळपर्यंत जाते. ती गप्प झाली, मग म्हणाली, "सहा जणी वर नसतील तर मला वर कुणीच नको." त्यामुळे आता सगळ्याच जणी घाटघरला पहाटे जाणार आहोत, पिठलं-भाकरी बांधून घेऊन. कळसूबाई अंगणातून दिसतेच.

एवढंच सांगा: मेअखेरीस कड्यावर पहाटे वारा कितपत असतो? सतरंजी आणि चहाची चूल चालेल, की थर्मास बरा?